घोडा कुणापुढे थांबला

मी अकरा पुस्तकांचा लेखक आहे. त्यातल्या एकाही पुस्तकाची सुरुवात मी लिहिलेली नाही, मधला भागही नाही. फक्त शेवट. त्यांवर माझं नाव नाही, आणि ते बरंच आहे. कारण ते शेवट लिहायला मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

धंदा म्हणाल तर मी बाइंडर. पुस्तकं शिवणारा, चिकटवणारा. गाव हिंगोलीकडचं. सातवीत असताना शाळा सुटली. म्हणजे शाळा तिथंच राहिली, मी सुटलो. मावसभावाच्या मागे मागे नव्वदच्या सुमारास विरारला आलो, फुलपाड्यात एका खोलीत सहाजण राहायचो. शाळेनं मला एकच गोष्ट दिली होती, अक्षर. ते इतकं वळणदार की मी काय लिहिलंय याकडे कुणी लक्षच देत नसे. पुढे जो घोटाळा झाला तो याच अक्षरामुळे.

वसईत एक खासगी वाचनालय होतं. मालकांना सगळे काकाच म्हणायचे, म्हणून मीही काका म्हणतो. त्यांनी मला मागच्या पडवीत बसायला जागा दिली, एक लाकडी दाबयंत्र दिलं आणि दुपारचा डबा त्यांच्या घरून येऊ लागला. घर सोडून आल्यापासून माझ्यासाठी कुणी वेगळा डबा भरला नव्हता. मी इतका उपकाराखाली होतो की काकांना ‘जमणार नाही’ असं म्हणणं मला सुचायचंच नाही. आणि भीती अशी, की आज ना उद्या यांना कळेल आपल्याला काही येत नाही, मग हातात पिशवी आणि परभणीची गाडी.

वाचनालयाचं पुस्तक घरच्या पुस्तकासारखं सुखात जगत नाही. ते दर चार दिवसांनी नव्या घरी जातं. कुणी ते चहाच्या कपाखाली ठेवतो, कुणी थुंकी लावून पानं उलटतो. म्हणून नवीन पुस्तक आलं की बाइंडर ते आधी मोडतो. वरचं कव्हर काढायचं, सोळा सोळा पानांचे फर्मे सुटे करायचे, दोऱ्यानं पुन्हा शिवायचे, पाठीला आतून कागदाचं अस्तर लावायचं, मग पुठ्ठा, मग कापड. खळ मैद्याची, तिच्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं लागत नाहीत. एवढं करूनही पहिलं आणि शेवटचं पान जातंच. रहस्यकथेचं तर शेवटचं पान आधी जातं, कारण निम्मे वाचक ते दोनदा वाचतात आणि उरलेले सुरुवात करायच्या आधीच वाचतात.

फाटलेलं पान भरायची आमची रीत साधी होती. दुसरी प्रत मिळवायची आणि गहाळ मजकूर त्याच मापाच्या कागदावर हातानं उतरवून शिवायचा. झेरॉक्स होती, पण काकांना तो गुळगुळीत कागद चालायचा नाही; फर्म्यात तो नीट बसत नाही, फुगतो. सभासदांना माझ्या अक्षरातली पानं सवयीची झाली होती. कुणी कुणी म्हणायचेही, छापलेल्यापेक्षा हे बरं वाचता येतं. मी त्यावर दोन दिवस फुशारलेला असायचो.

आता ती मालिका. कुठल्या तरी बंद पडलेल्या प्रकाशनाची ती तीसएक बारकी पुस्तकं होती. तालुक्याच्या गावातला गुरांचा दवाखाना. डॉक्टर सज्जन पण मंद. खरा तपास करायचे ते तिघं: टांग्यातून निवृत्त झालेला घोडा बापू, एका डोळ्याची मांजर कावेरी आणि वकील नावाचा कावळा. जनावरं बोलत नसत. कावेरी तोंडात काहीतरी धरून आणायची, वकील नको तिथं ओरडायचा, आणि शेवटी डॉक्टर सगळ्या गावाला दवाखान्याच्या ओट्यावर जमवायचे. मग बापू ओळीपुढून हळूहळू चालत जायचा आणि ज्यानं गुन्हा केला त्याच्यापुढे थांबायचा. खून कधीच नसायचा. कुणाची घंटा चोरीला गेलेली, कुणाच्या म्हशीला कुणी काही खाऊ घातलेलं. लोकांचा या मालिकेवर फार जीव. एक पिढी वाचून दमली की तिची मुलं मागायला यायची.

पहिल्यांदा एक पुस्तक माझ्याकडे शेवटची चार पानं नसलेलं आलं. बापू चालायला लागतो आणि पुस्तक संपतं. काका म्हणाले, “दशरथराव, दुसरी प्रत शोधा आणि भरून टाका. लोक विचारतायत.”

मी शोधली. विरार, भाईंदर, पार दादरच्या रद्दीवाल्यांपर्यंत जाऊन आलो. नाही मिळाली. आता ‘नाही मिळाली’ एवढे दोन शब्द काकांना सांगायचे होते. ते सांगण्यापेक्षा मला चार पानं रचणं सोपं वाटलं. यावरून मी कसला माणूस आहे ते समजून घ्या.

मी कधी भाजीवाल्याकडे कुठली जुडी घ्यायची तेही ठरवू शकलो नाही, आणि आता बापू कुणापुढे थांबणार ते मी ठरवणार. सरपंचावर आळ घ्यायची माझी हिंमत नव्हती, काल्पनिक सरपंचावरसुद्धा. गरिबावर घ्यायला मन होईना. मग मी असा एक माळी निवडला ज्याचं नाव पुस्तकात एकदाच आलं होतं. त्यानं ते लेकीच्या औषधासाठी केलं होतं, असं मीच ठरवलं. बापू थांबतो, माळी रडतो, डॉक्टर रडतात, सगळं गाव रडतं, माळ्याला माफी मिळते आणि त्याला जेवायला बसवतात. माझ्या सगळ्या शेवटांत लोक जेवायला बसतात. लिहिणाऱ्याला तेव्हा कशाची ओढ होती ते उघडच आहे.

कुणाला काही कळलं नाही. दहा वर्षांत असे अकरा शेवट झाले.

पापडीला आग्नेस टीचर राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, पती वारलेले, कमरेच्या दुखण्यानं चालणं कमी झालेलं. केळीच्या वाडीत कौलारू घर, अंगणात क्रूस, आणि ओसरीवर त्यांची आरामखुर्ची. दर गुरुवारी मी सायकलवरून त्यांना पुस्तकं द्यायला जायचो. त्या माझ्या हातात चहा आणि बिस्किट द्यायच्या आणि माझी मराठी सुधारायच्या. “दशरथ, ‘लई’ नको. ‘फार’.” मी म्हणायचो, “हो टीचर, लई चुकतो मी.”

टीचरनी ती मालिका मुलं लहान असताना, नवीन नवीन येत होती तेव्हा वाचली होती. आता त्या ती पहिल्यापासून पुन्हा वाचत होत्या, पण करमणूक म्हणून नाही. बापू चालायला लागला की त्या पुस्तक मिटायच्या, जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठकोऱ्या कागदावर गुन्हेगाराचं नाव लिहायच्या आणि मगच पुढचं पान उघडायच्या. बरोबर आलं की लाल शाईनं खूण. ती चिठ्ठी पुस्तकातच राहायची, म्हणून मला परत आलेल्या पुस्तकात ती दिसायची. मी एकदा विचारलं, हे कशाला.

“माझी मोठी बहीण,” त्या म्हणाल्या, “शेवटी शेवटी मलाच विचारायची, तू कुणाची गं? तिला स्वतःला कळलंच नाही कधी सुरू झालं ते. मला कळायला पाहिजे.”

त्यांचा मुलगा फ्रान्सिस नायगावला नव्या बिल्डिंगमध्ये राहायचा. चांगला माणूस. आईनं एकटीनं राहू नये, आपल्याकडे यावं, असा त्याचा धोशा. टीचरनी त्याच्याशी करार केला होता: सलग तीन पेपर चुकले की मी स्वतः तुझ्याकडे येईन, घराला कुलूप लावीन, वाद घालणार नाही. तोवर माझ्या ओसरीवर मला बसू दे.

हे मला माहीत नव्हतं. मला कळलं तो गुरुवार मी विसरलेलो नाही.

त्याच्या आदल्या गुरुवारी मी त्यांना मालिकेतली तीन पुस्तकं दिली होती. तिन्ही नुकतीच पुन्हा बांधलेली, म्हणून एकत्र. तिन्हींचे शेवट माझे, आणि माझे शेवट टीचरच्या हाती पडायची ती पहिलीच वेळ. परत घेताना चिठ्ठ्या दिसल्या. तिन्हींवर लाल फुली.

“माझ्या डोक्यात मुनीम होता,” टीचर म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, पण चहा द्यायचा राहिला होता. “अगदी स्पष्ट आठवत होतं. बापू मुनिमापुढे थांबतो आणि मुनीम आपली टोपी काढतो. पुस्तकात माळी आहे. दुसऱ्यातही चुकले, तिसऱ्यातही.”

मी म्हणालो, “टीचर, छापताना चूक झाली असंल.”

“छापलेलं कुठं आहे? तुझ्या अक्षरात आहे. तू तर जसंच्या तसं उतरवतोस.”

मग त्यांनी करार सांगितला. फ्रान्सिस रविवारी येणार होता. “त्याला सांगेन. लपवायचं कशाला,” त्या म्हणाल्या, आणि वाडीकडे बघत राहिल्या.

त्या क्षणी खरं बोललो असतो तर हा लेख इथंच संपला असता. पण मला डोळ्यांपुढे काका दिसले, डबा दिसला, परभणीची गाडी दिसली. मी म्हणालो, “शिवण सैल झालीय तिन्हींची, घट्ट करून आणतो.” आणि पुस्तकं घेऊन सायकल मारली.

शुक्रवारी मी जे केलं ते फक्त बाइंडरलाच सुचेल. तिन्ही पुस्तकांतली माझी शेवटची पानं काढली आणि टीचरच्या चिठ्ठ्यांप्रमाणे नवीन शेवट लिहिले. मुनीम आणला, त्याला टोपी काढायला लावली. कागद नवा दिसू नये म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला. शाई तीच. काढलेली जुनी पानं फेकली नाहीत, बाइंडर कागद फेकत नाही. त्यांच्या पट्ट्या कापून त्याच पुस्तकांच्या पाठीला आतून अस्तर म्हणून लावल्या. काम इतकं सुबक झालं की मी पडवीत एकटाच हसलो. मला वाटलं, टीचर बघतील, म्हणतील, अरे मीच नीट वाचलं नव्हतं, बरोबरच होते मी. सगळे सुटले.

शनिवारी सकाळी पुस्तकं घेऊन गेलो. “बघून घ्या टीचर, शेवटची पानं नीट बसलीत ना.”

त्यांनी पहिलं पुस्तक उघडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग दुसरं, तिसरं. मी कौतुकाची वाट बघत उभा.

“परवा इथं माळी होता,” त्या म्हणाल्या. “मी माळी वाचला होता, दशरथ. तुला सांगितलंसुद्धा.”

मी बाकीची दोन पुस्तकं टेबलावर एकावर एक सरळ लावली.

“तेच पुस्तक, तेच पान.” त्यांनी पानावरून बोट फिरवलं, जणू ते पान कुणाचं तरी कपाळ आहे. “म्हणजे आठवणीचं सोड. मला समोरचं वाचताही येत नाहीये.”

मग भिंतीला धरून त्या आत गेल्या आणि फोनवर फ्रान्सिसशी बोलताना मला ऐकू आल्या. “उद्या येशील तर टेम्पो घेऊनच ये. नाही रे, रडत नाहीये. करार म्हणजे करार.”

मी काय केलं असेल? मी चप्पल घातली आणि निघून आलो. वाटेत दोनदा सायकल थांबवली, दोनदा मागे वळवली आणि दोनदा पुन्हा पुढे. पापडीच्या नाक्यावरचा पानवाला म्हणाला, “काय रे, काय हरवलंय का?”

रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे सकाळची प्रार्थना, सुटायच्या वेळेला मी पुन्हा पापडीला होतो. पिशवीत माझा बाइंडिंगचा चाकू. अंगणात टेम्पो उभा, आत फ्रान्सिस आरामखुर्ची कशी बसवायची ते बघत होता. टीचर ओसरीवर साध्या खुर्चीत, मांडीवर पर्स, तिचा बंद दोन्ही हातांनी धरलेला.

मी सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं, इतक्या घाईनं की फ्रान्सिसला पहिल्यांदा काही कळलंच नाही. अकरा शेवट, माळी, चहाचं पाणी, मुनीम.

टीचरनी माझ्याकडे मायेनं पाहिलं. ते माझ्या जास्त वर्मी लागलं. “तू फार चांगला मुलगा आहेस,” त्या म्हणाल्या. “मला बरं वाटावं म्हणून एवढं रचलंस. पण असं खोटं बोलू नये.”

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो आणि ते खोटं ठरलं. फ्रान्सिस म्हणाला, “जाऊ दे ना दादा, मम्मीला आधीच त्रास होतोय.”

मी ते मुनिमाचं पुस्तक टेबलावरून उचललं, पालथं धरलं आणि चाकूनं पाठीचं कापड वरपासून खालपर्यंत कापलं. फ्रान्सिस “अहो” म्हणाला. खळ अजून पुरती वाळलेली नव्हती. आतली कागदाची पट्टी मी नखानं सोडवली, धोतरावर पुसावी तशी पॅन्टवर पुसली आणि टीचरच्या हातात दिली.

त्यांनी चष्मा लावला. पट्टीवर माझ्या वळणदार अक्षरात अडीच ओळी होत्या. अर्धी ओळ कापलेली, मग: ‘बापू माळ्यापुढे थांबला. माळ्याच्या डोळ्यांतून’ आणि पुढं चाकू चालला होता.

टीचरनी ते वाचलं. मग फ्रान्सिसला दिलं. “मोठ्यानं वाच,” त्या म्हणाल्या. त्यानं वाचलं. “माळीच आहे ना?”

“हो मम्मी. माळीच.”

“होता ना परवा?”

“होता.”

त्यांनी पट्टी त्याच्याकडून परत घेतली. मला वाटलं आता हसतील. त्या हसल्या नाहीत. “दशरथ,” त्या म्हणाल्या, “दोन दिवस मी माझ्या बहिणीसारखी झाले होते. मी काल आंघोळीला जाताना दाराच्या कड्या मोजल्या. तुला कळतंय का तू काय केलंस?”

मी म्हणालो, “हो.”

“नाही कळत. पण कळेल.” मग फ्रान्सिसकडे वळून: “ती खुर्ची खाली उतरव.”

काकांना सांगायची अट टीचरनीच घातली. मला चार दिवस लागले. मी सांगत असताना काका पावती लिहीत होते, ते लिहीतच राहिले. मग म्हणाले, “त्या विहिरीच्या गोष्टीचा शेवटसुद्धा तुझा?”

“हो काका.”

“मी रडलो होतो त्याला.” थोड्या वेळानं: “मूर्खा.”

आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. डबा मात्र आला, आणि तो खाताना मला फार लाज वाटायची, तरी मी पूर्ण खायचो. नवव्या दिवशी त्यांनी ती अकरा पुस्तकं माझ्यापुढे ठेवली. “यांचं काय करायचं ते त्या बाईंना विचार. माझी हिंमत नाही.”

टीचरनी ठरवलं. दर गुरुवारी मी एक पुस्तक न्यायचं. त्या बापू चालायला लागेपर्यंत वाचणार, मग खरा शेवट आठवून सांगणार आणि मी तो लिहून घेणार. माझा शेवटही फाडायचा नाही, तो मागे राहणार, वर ‘हा शेवट बाइंडरचा’ असं माझ्याच अक्षरात लिहून. तीन पुस्तकांतले जे मी कापले होते ते पुन्हा लिहून काढले. दुसरी प्रत कुठंच नव्हती. त्यामुळे त्या अकरा पुस्तकांची प्रत म्हणजे आता फक्त टीचरचं डोकं होतं, आणि हे त्यांना माहीत होतं. त्या अगदी ताठ बसून सांगायच्या. “लिही. सरपंच म्हणाला, मला काय माहीत. स्वल्पविराम.” सरपंचच निघाला बघा. तीन पुस्तकांत सरपंच गुन्हेगार होता आणि मी त्याला दहा वर्षं मोकळा फिरू दिला होता.

सभासदांचं काय झालं ते सांगतो. त्यांनी दोन्ही शेवट वाचले, आणि बरेचजण खासगीत मला सांगायचे, तुमचा जरा भिजलेला आहे. एका काकूंनी तर विचारलं की तुमच्याकडे सगळे जेवायलाच का बसतात. मी म्हटलं, उशीर झालेला असतो.

दहा गुरुवार, दहा शेवट. प्रत्येक वेळी त्या थांबायच्या, डोळे मिटायच्या आणि नाव सांगायच्या. प्रत्येक वेळी माझाच जीव टांगणीला. फ्रान्सिस संध्याकाळी फोन करून विचारायचा आणि त्या म्हणायच्या, “आलं.”

अकराव्या पुस्तकात एका विधवेचा शिवणयंत्राचा फिरवायचा दांडा चोरीला गेलेला. बापू चालायला लागला. टीचरनी पुस्तक मिटलं, डोळे मिटले. मी पेन धरून बसलो. वाडीत कुणीतरी केळीची सुकलेली पानं ओढत होतं. मी ते ओढणं संपेपर्यंत थांबलो, मग आणखी थोडं थांबलो. मी सुचवणारही होतो, शिंपी असेल का, आणि जीभ चावली.

“नाही आठवत,” टीचर म्हणाल्या.

घरात साखर संपलीय असं सांगावं, तसं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या घाबरलेल्या नव्हत्या.

“तुझा काय होता?”

मी वाचून दाखवला. शिंप्याची म्हातारी आई. रडणं, माफी, भाकरी.

“सगळे रडतात,” टीचर म्हणाल्या.

“हो.”

“राहू दे तोच. वरची ओळ लिही आणि शिवून टाक.”

त्या उठल्या, भिंतीला न धरता, आणि फोनपाशी गेल्या. नायगावचा नंबर फिरवला. मी दप्तर आवरत होतो, तरी सगळं ऐकू येत होतं.

“फ्रान्सिस, झालं सगळं. अकरापैकी दहा.” मग पलीकडचं ऐकत थांबल्या. “चुकवला नाही रे, सोडला. येत नव्हता म्हणून सोडला.” पुन्हा थांबल्या. “हो, भरलाय. दशरथला येत होता.”